फायरबॉल उशिरा येणार, चालेल का?

आमच्या डीएनडीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या टेबलवर नवीन माणूस आला, त्यातही तो बाल्डर्स गेट ३ खेळून आलेला असला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मल्टिक्लास करता येतं ना?" म्हणजे एकाच कॅरेक्टरला दोन-तीन क्लास, दोन-तीन पेशे, घेता येतात ना. कॅरेक्टर शीट अजून कोरी असते, नाव सुचलेलं नसतं, एल्फ की माणूस तेही ठरायचं असतं, पण दोन लेव्हल वॉरलॉक, पुढे सगळं सॉर्सरर आणि मधे कुठेतरी एक लेव्हल विझार्ड, हे मात्र डोक्यात पक्कं. त्याचा दोष नाही म्हणा, त्या व्हिडिओ गेमने सवयच तशी लावलीये. तिथे १२ व्या लेव्हलला सगळं संपतं, दुसरा क्लास घ्यायला किमान स्कोअरची अट नाही, विझार्डची एक लेव्हल घेतली की तुमच्या स्लॉटमध्ये बसतील ते स्क्रोल वहीत उतरवता येतात, आणि बिल्ड, म्हणजे कॅरेक्टरची जुळवणी, फसलाच तर कॅम्पमधल्या त्या हाडकुळ्या विदर्सला १०० नाणी दिली की पाटी कोरी. टेबलवर यातलं काही नाही. आमच्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, १०० नाणी देऊन बघा, घेईल आणि गप्प बसेल.

मी स्वतः मल्टिक्लासच्या विरोधात अजिबात नाही, सध्या खेळतोय तो कॅरेक्टरच मल्टिक्लास आहे. पण मंत्र मारणाऱ्या कॅरेक्टरला, म्हणजे कॅस्टरला, मल्टिक्लास जेवढं महाग पडतं तेवढं तलवारवाल्याला पडत नाही, आणि ही किंमत बिल्डच्या व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही कारण तिथे सगळे २० व्या लेव्हलचं चित्र काढून मोकळे होतात. २० व्या लेव्हलला पोचलेली मोहीम मी तरी अजून पाहिलेली नाही. आपण खेळतो ती पाचवी, सहावी, फार तर नववी-दहावी लेव्हल, आणि बिल्ड तिथे कसा चालतो तेवढंच आपल्या कामाचं.

मी इथे २०१४ चे नियम धरून लिहितोय, आमचं टेबल अजून त्यावरच चालतं. २०२४ मध्ये काय बदललं ते पुढे सांगतो.

तर मुळात नियम काय. लेव्हल वाढली की ती जुन्याच क्लासमध्ये घ्यायची की नव्या, ते तुम्ही ठरवायचं. पण दोन्ही क्लासचा जो मुख्य गुण असेल तो किमान १३ हवा, विझार्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विझ्डम, सॉर्सरर, बार्ड, वॉरलॉकला करिझ्मा, आणि पॅलाडिनला तर स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्ही. मग येतात स्पेल स्लॉट, म्हणजे कुठल्या पायरीचे किती मंत्र मारता येतात तो कोटा. विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड, बार्ड, सॉर्सरर यांच्या लेव्हल सरळ बेरीज करायच्या, पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, आणि आर्केन ट्रिकस्टर किंवा एल्ड्रिच नाइटच्या एक तृतीयांश, आणि जो आकडा येईल त्याप्रमाणे तक्त्यातून स्लॉट घ्यायचे. वॉरलॉकचे स्लॉट वेगळे राहतात, ते या बेरजेत येत नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. घोडं अडतं ते पुढच्या ओळीवर. स्लॉटची बेरीज होते, स्पेलची होत नाही. कुठल्या पायरीचे स्पेल तुम्हाला येतात ते प्रत्येक क्लास वेगवेगळा मोजून ठरतं, जणू दुसरा क्लास नाहीच. पातेलं दहा जणांचं मिळालं म्हणून तांदूळ आपोआप वाढत नाहीत, तसं आहे हे.

माझंच उदाहरण देतो. चिमणाजी नावाचा रॉक नोम, पुस्तकातला किडा, कुठल्याशा ज्ञानदेवतेच्या मठात वाढलेला. एक लेव्हल क्लेरिक, त्यातली नॉलेज डोमेन ही शाखा, बाकी सगळा विझार्ड. गुण विकत घ्यायला मिळणाऱ्या २७ पॉइंटचा हिशोब करून इंटेलिजन्स १५, डेक्स्टरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३, विझ्डम १३, करिझ्मा ९, स्ट्रेंग्थ ८, त्यावर नोमचे इंटेलिजन्सला दोन आणि कॉन्स्टिट्यूशनला एक. म्हणजे इंटेलिजन्स १७ झाला, विझ्डम बरोबर अटीपुरता १३. हा १३ फुकट येत नाही, पाच पॉइंट खातो, आणि ते पाच पॉइंट साधा विझार्ड दुसरीकडे लावतो हे आधीच लक्षात घ्या.

आता हा चिमणाजी पाचव्या लेव्हलला असताना, म्हणजे विझार्ड ४ आणि क्लेरिक १, त्याच्याकडे पहिल्या पायरीचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्लॉट. साध्या पाचव्या लेव्हलच्या विझार्डइतकेच, एकही कमी नाही. शीटवर बघायला एकदम झकास. पण तिसऱ्या पायरीचा स्पेल त्याला एकही येत नाही, विझार्ड ४ ला दुसऱ्या पायरीपर्यंतच येतात आणि क्लेरिक १ ला पहिल्याच. म्हणजे तिसऱ्या पायरीचे दोन स्लॉट आहेत आणि त्यात खालचेच स्पेल चढवून टाकायचे.

चढवून टाकणं म्हणजे काय ते आकड्यात बघा. स्कॉर्चिंग रे हा दुसऱ्या पायरीचा, तीन किरण, प्रत्येकी दोन सहाकडी डाइस. तिसऱ्या स्लॉटमध्ये टाकला की चार किरण, म्हणजे सगळे लागले तर आठ डाइस. फायरबॉल, जो मुळातच तिसऱ्या पायरीचा, तो किती? आठ डाइस. सेम. फक्त फायरबॉलचे आठ डाइस वीस फूट त्रिज्येत जो जो उभा असेल त्या प्रत्येकाला बसतात, आणि जो सेव्ह करतो, म्हणजे वाचण्याचा डाइस जिंकतो, त्यालाही निम्मं लागतंच, आणि माझे चार किरण प्रत्येक वेळी वेगळा अटॅक रोल मागतात, चुकला तर शून्य.

आमचं नेमकं त्याच लेव्हलला एका पुलावर गॉब्लिनांशी गाठ पडली. गॉब्लिन एका ओळीत, दाटीवाटीने, पलीकडून अजून येतायत, म्हणजे फायरबॉलसाठी डीएमने ताट वाढून ठेवल्यासारखं, आणि सगळं टेबल माझ्याकडे बघून म्हणतंय "टाक ना, टाक ना". मी म्हणलं येतच नाही तर टाकू काय. चार किरणांत तीन गॉब्लिन गेले, चौथा किरण नदीत. आमची बार्बेरियन खेळणारी मैत्रीण त्यानंतर महिनाभर मला "जवळजवळ विझार्ड" म्हणत होती.

पण त्याच लेव्हलला, थोड्या दिवसांनी, एक यंग व्हाइट ड्रॅगन. एकटाच. त्याचा थंड श्वास म्हणजे दहा आठकडी डाइस, सरासरी ४५, आणि वाचायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह १५. पाचव्या लेव्हलला ४५ म्हणजे आमच्यातले दोघे सरळ आडवे. मी पहिल्याच टर्नला क्लेरिकचा ब्लेस काढला, तो पहिल्या पायरीचा, तीन जणांवर चालतो, पण तिसऱ्या स्लॉटमध्ये टाकला की पाच जणांवर, आणि आम्ही पाचच होतो. प्रत्येकाला प्रत्येक अटॅकला आणि प्रत्येक सेव्हला एक चौकडी डाइस जास्त. ड्रॅगनने फुंकर मारली, फायटरची बेरीज १३ आली, चौकडी डाइसवर २ पडला, झाले १५. तो उभा राहिला आणि त्याच्या मागे आम्ही राहिलो. एकट्या ड्रॅगनवर फायरबॉलने सरासरी २८ काढले असते, त्याचे हिट पॉइंट १३३. तिथे ब्लेसच बरा होता, हे मी मैत्रिणीला ऐकवलं, ती म्हणाली गॉब्लिनांना विचार.

माझं एकच म्हणणं आहे. एक लेव्हल बाहेर घालवली की तुमचा पुढचा प्रत्येक मोठा स्पेल एक लेव्हल उशिरा येतो, आणि एक लेव्हल म्हणजे आमच्यासारख्या रविवारी जमणाऱ्या, त्यातही कोणाचं लग्न कोणाची डेडलाइन असल्या ग्रुपला सहज दीड-दोन महिने. त्या दीड-दोन महिन्यांत टेबलवर बसून तुम्ही काय करणार, याचं उत्तर बिल्डमध्ये असलं पाहिजे. माझ्याकडे उत्तर होतं. क्लेरिकच्या त्या एका लेव्हलने मला मीडियम आर्मर आणि ढाल दिली, म्हणजे स्केल मेलचे १४, डेक्सचे २, ढालीचे २, एकूण एसी, म्हणजे मला मारायला शत्रूने गाठायचा आकडा, १८. साधा विझार्ड मेज आर्मरचा स्लॉट रोज जाळून १५ वर बसतो. त्यावर शील्ड स्पेल मारला की माझा २३. नॉलेज डोमेनने दोन विद्यांमध्ये दुप्पट प्रोफिशियन्सी दिली, आयडेंटिफाय कायमचा तयार, गायडन्स मिळाला, हीलिंग वर्ड मिळाला, आणि पार्टीत दुसरा कोणी बरं करणारा नव्हताच.

एक बारीक भानगड मात्र आहे, ती ढाल घेणाऱ्या प्रत्येक विझार्डने वाचावी. शील्ड स्पेलला हाताची खूण लागते, सामान लागत नाही. एका हातात ढाल आणि दुसऱ्यात काठी धरली की खूण करायला हातच उरत नाही. सामान लागणारा स्पेल असेल तर काठीच्या हाताने खूण चालते, पण शील्डसारख्याला नाही, आणि ढालीवर देवाचं चिन्ह कोरलेलं असलं तरी ते क्लेरिकच्या स्पेलपुरतं. वॉर कास्टर फीट, म्हणजे हात भरलेले असतानाही खूण करू देणारी खास खुबी, घ्या नाहीतर एक हात मोकळा ठेवा. आमचा डीएम एरवी एकदम सैल माणूस आहे, बाणसुद्धा मोजत नाही, पण याच नियमावर का कोण जाणे त्याचं बारीक लक्ष असतं, त्यामुळे चिमणाजीचा उजवा हात मोकळाच असतो.

आणि क्लेरिकचे स्पेल निवडताना विझ्डम १३ विसरायचा नाही. माझ्या क्लेरिक स्पेलची डीसी, म्हणजे सेव्हला शत्रूने गाठायचा आकडा, सुरुवातीला ११ होती, विझार्डची १३. ११ च्या सेव्हला कोणीही पास होतं, म्हणून शत्रूला सेव्ह करायला लावणारा एकही क्लेरिक स्पेल मी तयार ठेवत नाही. डोमेनमुळे कमांड आपोआप तयार असतो, तो तसाच पडून राहतो. ब्लेस, हीलिंग वर्ड, कधी शील्ड ऑफ फेथ, हे आपल्या लोकांवर टाकायचे, त्यांना डीसीशी देणंघेणं नाही.

हे झालं एका लेव्हलच्या डिपचं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणता येईल असा प्रकार. याच्या उलट टोकाला असतात ते निम्मे-निम्मेवाले, पाच लेव्हल विझार्ड पाच लेव्हल क्लेरिक, "मला दोन्ही जादू येतात" म्हणणारे. दहाव्या लेव्हलला यांच्याकडे पाचव्या पायरीचे स्लॉट असतात आणि दोन्हीकडचे स्पेल तिसऱ्या पायरीचे. बाजूला बसलेला साधा विझार्ड टेलिकिनेसिस आणि वॉल ऑफ फोर्स टाकतोय आणि हे अजून फायरबॉलच, जरा मोठ्ठा. एक ना धड भाराभर चिंध्या. बरं, यादी दुप्पट झाली तरी टर्नला अ‍ॅक्शन एकच असते आणि कॉन्सन्ट्रेशन तर एकाच स्पेलवर. ब्लेस चालू असताना वेब टाकला की ब्लेस गेला. म्हणजे जेवढे जास्त स्पेल तेवढे जास्त वेळ वहीतच पडून राहणारे. मला ही चूष मनापासून आवडत नाही, पण तुमच्या कॅरेक्टरची गोष्टच तशी असेल तर खुशाल करा, फक्त दहाव्या लेव्हलला कुरकुर नको.

करिझ्मावाल्यांचं मात्र वेगळं आहे, त्यांचं बरं चाललंय. सॉर्सरर, वॉरलॉक, बार्ड, पॅलाडिन सगळे एकाच गुणावर, त्यामुळे डीसी दोन्हीकडे सारखी. वॉरलॉक २ आणि सॉर्सरर ३ घ्या. एल्ड्रिच ब्लास्ट हा कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारा मंत्र, आणि कॅन्ट्रिप वाढतात ते एकूण लेव्हलवर, क्लासच्या लेव्हलवर नाही, ही मल्टिक्लासवाल्यांसाठी पुस्तकातली सगळ्यात गोड ओळ. पाचव्या लेव्हलला दोन किरण, अगोनायझिंग ब्लास्टने प्रत्येक किरणाला करिझ्मा मिळवायचा, मग सॉर्सररचे दोन पॉइंट देऊन तोच ब्लास्ट बोनस अ‍ॅक्शनने परत. एका टर्नला चार किरण, करिझ्मा १८ असेल तर सगळे लागल्यास सरासरी ३८. एकाच शत्रूवर हे फायरबॉलला भारी पडतं, आणि वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीला, परत येतात ते वेगळंच. किंमत तीच, फायरबॉल पाचव्याऐवजी सातव्या लेव्हलला, पण इथे त्या मधल्या काळात काय करणार याचं उत्तर अगदी ठसठशीत आहे.

याच जोडीतून कॉफीलॉक निघाला. वॉरलॉकचे स्लॉट मोडून सॉर्सररचे पॉइंट करायचे, पॉइंटचे परत स्लॉट करायचे, शॉर्ट रेस्ट घ्यायची, पुन्हा तेच. असे बनवलेले स्लॉट लॉन्ग रेस्टला नाहीसे होतात, मग लॉन्ग रेस्ट घ्यायचीच नाही, कॉफी पीत जागत बसायचं. २०१७ च्या झॅनाथरच्या पुस्तकात झोप न घेणाऱ्यांसाठी नियम आला, २४ तास झाले की १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, दर दिवशी पाचने वाढत जाणारा, नापास झालात की एक्झॉशन, म्हणजे थकवा. तरीही लोक पळवाटा काढतातच. वाचायला मजेदार आहे, शेजारी बसून खेळायला वैताग, कारण बाकीचे चौघं झोपायला निघालेत आणि हा हिशोब करतोय.

जुन्या लोकांना हे सगळे लाड वाटतील. १९७४ च्या पहिल्या डब्यात फायटिंग मॅन, मॅजिक यूझर आणि क्लेरिक हे तीनच क्लास, आणि दोन्हीकडे पाय ठेवायची मुभा एल्फला, तीही दर मोहिमेला आज मी कोण ते आधी ठरवून. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डीएनडीत माणसांना मल्टिक्लास नव्हतंच, ड्युअल क्लास होतं, जुना क्लास सोडायचा आणि नव्याने पहिल्या लेव्हलपासून सुरुवात, त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या १७ हवेत, आणि नवा क्लास जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली की त्या खेपेचा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, बुडाला. लेव्हलगणिक हवा तो क्लास घेण्याची पद्धत आली २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. तिथे कॅस्टरचे हाल आणखी वाईट, कारण स्लॉटचीही बेरीज नव्हती. त्यावर उतारा म्हणून मिस्टिक थिअर्ज नावाचा प्रेस्टिज क्लास, दोन्हीकडची जादू एकदम वाढवणारा, पण त्याच्यात शिरायला विझार्ड ३ क्लेरिक ३ करून बसायचं, म्हणजे सातव्या लेव्हलला दोन्हीकडे दुसरीच पायरी आणि शेजारचा विझार्ड चौथीवर. दुखणं तेच आहे, पन्नास वर्षं झाली. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळाच रस्ता काढला, तिथे लेव्हल कुठेच जात नाही, फीट खर्च करून दुसऱ्या क्लासची थोडी थोडी जादू विकत घ्यायची. मला तो हिशोब जास्त प्रामाणिक वाटतो, पण आमच्या टेबलला नवीन पुस्तक वाचायला लावणं ही वेगळी मोहीम आहे.

२०२४ च्या नियमांत सगळे सबक्लास, म्हणजे डोमेनसारख्या शाखा, तिसऱ्या लेव्हलला गेले, म्हणजे एका लेव्हलमध्ये डोमेन उचलून पळणं बंद. चिमणाजीचा नॉलेज डोमेन तिथे पहिल्या लेव्हलला मिळणारच नाही. पण क्लेरिकचा डिप मेला असं नाही, पहिल्याच लेव्हलला प्रोटेक्टर निवडलात तर हेवी आर्मरसुद्धा मिळतं, आणि वॉरलॉकची एक लेव्हल पॅक्ट ऑफ द ब्लेडसाठी अजूनही वसूल होते. पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट, म्हणजे स्लॉट जाळून वार जड करणं, मात्र आता स्पेल झालाय, बोनस अ‍ॅक्शन खातो, आणि एका टर्नला एकच स्लॉट वापरता येतो, त्यामुळे सॉर्सरर-पॅलाडिनवाल्यांची जुनी चंगळ गेली. गेली ते बरं झालं, असं डीएम लोक म्हणतात.

चिमणाजी आता विझार्ड ६, क्लेरिक १. फायरबॉल कधीच आलाय, आणि आल्यापासून एकही पूल लागलेला नाही. पुढची लेव्हल कुठे घ्यायची यावर ग्रुपवर जोरात भांडण चालू आहे. डीएमला वाटतं मी क्लेरिक २ घ्यावा, चॅनल डिव्हिनिटी मिळेल, दहा मिनिटांसाठी कुठलंही स्किल, मठातली गोष्ट पुढे जाईल वगैरे. त्याला बहुतेक तो मठ जाळायचाय, म्हणून एवढा आग्रह. मैत्रिणीचं मत आहे की विझार्ड ७ घे, पॉलिमॉर्फ मिळेल, आणि मला डायनासोर कर. मी विझार्ड ७ लिहून टाकलंय, पेन्सिलने.